खोडलेल्या नऊ नोंदी

फेअर्ली, न्यूझीलंड
५ जुलै २००९

चि. नोएलीनला रॉसदादाचे अनेक आशीर्वाद.

वृद्धाश्रमाचा फॉर्म पोचला, शेगडीत घातला. एकदा पातेलं करपलं म्हणून माणूस कामातून जात नाही, बाईसाहेब!

इथे मात्र घात झालाय. एक तारा दुसऱ्याच्या बरोबर आड आला, की पुढच्याच्या गुरुत्वाकर्षणाचं भिंग होतं आणि मागचा उजळतो. परसातल्या दुर्बिणीतून फोटो काढून तो उजेड मी मोजतो आणि आकडे विद्यापीठाला पाठवतो. या खेपेस दोन तासांतले नऊ आकडे मध्येच उसळले. वाटलं, माझाच हात थरथरला. लोक म्हणतील, रॉस संपला. गुपचूप खोडले.

आधीच्या-नंतरच्या आकड्यांवरून शंका येऊन आता विद्यापीठ विचारतंय, त्या दोन तासांत कुणी पाहत होतं का? अशी उसळी म्हणजे पुढच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह! बाकी सगळीकडे ढग होते, आणि हा योग पुन्हा येत नाही. शहाणा दिसायच्या नादात ग्रहच पुसला गं मी.

तुझा कपाळकरंटा
रॉसदादा

डुनेडिन
९ जुलै

ती. रॉसदादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. अरे शहाण्या, खोडलेस ते आकडे. फोटो कुठे गेले? एडनावहिनीला जाऊन तीन वर्षं झाली, तिचे बिस्किटांचे रिकामे डबेसुद्धा तू टाकले नाहीस, फोटो बरे टाकशील! शोध.

फॉर्मची दुसरी प्रत सोबत आहे. रागावू नकोस, तुझ्या काळजीने झोप लागत नाही रे.

लोभ आहेच, फोन मात्र उचलत जा.

तुझी नोएलीन

फेअर्ली
३० जुलै

चि. नोएलीन, अनेक आशीर्वाद.

फोटो सापडले. नऊच्या नऊ नोंदी खऱ्या! गुरूएवढा वायूचा गोळा, वीस हजार प्रकाशवर्षं लांब. पुन्हा कुणाला दिसायचा नाही. विद्यापीठातल्या बाईंनी अभिनंदन करून गोड शब्दांत झापलं, की नकोशी वाटणारी नोंदही कळवत जा, खरी-खोटी आम्ही ठरवू.

म्हणून कळवतो. पातेलं एकदा नाही, चारदा करपलं. मंगळवारी दुकानातून घरचा रस्ता आठवेना, शेजारच्या मरीने आणून सोडलं. काल मी एडनासाठी चहा ओतला आणि तिला हाका मारत बसलो.

हेही तुझ्यापासून खोडलं होतं. फॉर्म भरलाय, सही राहिलीय. मला भीती वाटते गं, तू लवकर ये.

तुझा
रॉसदादा