थर्मासातला बर्फ

शनिवार, चैत अमावस

आज अजून तीस पांढऱ्या कोंबड्या माना मुरगाळून पडल्या. मानमोडीचा रोगच हाय. शेड अर्धं रिकामं झालं. माहा गजानन म्हणे, "माय, लस देऊनबी काऊन मरून राह्यल्या व? त्या मेहकरच्या डाक्टरानंच नासकी देली." महिन्याखाली गजाननानंच मेहकरहून थर्मासात बर्फ भरून ती लस आणली होती. बायंतिणीले गार बाधते, तसं पिल्लाईलेबी बाधंन, म्हणून म्याच बर्फ मोरीत फेकला अन् शिशी रातभर चुलीपाशी शेकत ठेवली. तो बर्फ काही डोयापुढून जात नाही. उद्या गजानन डाक्टराशी भांडाले चालला. नव्या लसीसाठी थर्मास मागतला, म्या घासून देला. साऱ्या गावाले फाडून खानारं माहं तोंड, लेकापुढं काऊन उघडलं नाही?