बावखलावरचे पेव्हर

पप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आपल्या नंदाखालच्या घरापुढचं बावखल बुजवलं. तुमची केळी ज्या तळ्याच्या गोड्या पाण्यावर जगली तेच. धाकट्या लेकीचं लग्न ठरलं, नवरीची गाडी थेट दारापर्यंत यायला हवी असा घरात हट्ट, आणि मीही म्हटलं, होऊन जाऊ दे.

हिशेब मीच काढला. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायच्या कामाचं एस्टिमेट काढणं हाच तर माझा धंदा. चाळीस बाय बारा, चारशे ऐंशी चौरस फूट, तुटफुटीला पाच टक्के वर, खाली नऊ इंच खडी, तिच्यावर दोन इंच दगडाची बारीक कच. आगाशीच्या एका अंगणाचा असाच कागद मी विशीत तुमच्यापुढे धरला होता. तुम्ही तो वाचलाही नाहीत. पहार घेऊन अंगणभर ठोकत फिरलात, मग त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी जाऊन बसलात. "आजी, इथं आधी पाणी कुठं होतं?" तिने अंगणातल्या क्रुसाच्या डावीकडे बोट दाखवलं. तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलंत. "लांबी-रुंदी शाळेतलं पोरगंही काढेल. खाली काय आहे ते कोण बघणार, तुझा बाप?" गडी खो खो हसले, कारण बाप समोरच उभा होता. माझे कान अजून गरम होतात. ते काम तुम्ही दोन पावसाळे थांबवलंत, भराव बसेपर्यंत.

आपल्या दारात मी दोन महिनेही थांबलो नाही. पाडलेल्या घरांचा राडारोडा ओतला, रोलर फिरवला, ब्लॉक बसवले. गेल्या आठवड्यापासून मधले ब्लॉक खचतायत. काल दोन बोटं, आज चार. पाऊस नाही, काही नाही. सकाळी एक ब्लॉक उचलून पाहिला तर खालची कच ओलीचिंब, आणि हात घातला तर आत पोकळी. अरे जेजू! मी तो ब्लॉक पुन्हा बसवला, पायाने दाबला आणि बायको बाहेर यायच्या आत वरून झाडू मारला. भीती वाटते, पप्पा. घरातून पाऊल टाकतो तेही कडेकडेने.

लग्नघराला पाणी लागतं. आपलं तर मीच बुजवलं, म्हणून उद्या सकाळी टँकर येतोय, आणि मागच्या टाकीकडे जायला दुसरी वाट नाही. मघाशी ड्रायव्हरचा फोन आला. "काका, गाडी फुल भरलेली असेल हां. आत घेऊ ना? जमीन पक्की आहे ना?" शेजारी व्याही बसलेले, भाऊ बसलेला. गावभर अंगणं मोजत फिरणारा मी, त्यांच्यासमोर काय सांगणार होतो?

"बिनधास्त घे," म्हणालो.

व्याही कधीच गेले. त्या पोराचा नंबर समोर आहे. त्याला सांगायला हवं ते सगळं मी तुम्हाला लिहीत बसलोय, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.