वन्स मोअरबाबत माझी इच्छा

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, घरातली पहिली पदवीधर, नाटक लिहिते. उद्या माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय पुढील व्यवस्था लिहून ठेवते.

१. पुस्तके धाकट्या बहिणीला. समासातली माझी मते तिने खरी मानू नयेत.

२. पदवीचे प्रमाणपत्र आईने नाट्यगृहाच्या कपडेपटात, ती नटांचे कपडे इस्त्री करते त्या टेबलामागच्या भिंतीवर टांगले आहे. वाफेने शाई पसरली तरी ते तिथेच राहावे.

३. माझ्या एकमेव नाटकाचे सर्व हक्क बाबांना. ते तीस वर्षे याच नाट्यगृहात पडदा ओढतात. आमचे भांडणही पडद्यावरूनच झाले. नाटकाच्या शेवटी नायिका गाता गाता मरते. पहिल्याच प्रयोगाला लोकांनी वन्स मोअर दिला, बाबांनी पडदा उघडला आणि मेलेली बाई उठून पुन्हा गायली.

"बाबा, ती मेलीय!"

"अगं, ते त्यांना कुठं पटतंय?"

मी बारा दिवस अबोला धरला. नाट्यगृहाच्या मालकांनी जाहिरातीत 'मेलेली बाई पुन्हा गाते!' असे छापले. उठायला सोपे जावे म्हणून नटी माइकजवळ मरू लागली. शेवटी मी ते गाणे काढून असे रुक्ष गाणे लिहिले की कोणी वन्स मोअर देणार नाही. कोणी दिलाही नाही. मी जिंकले.

त्या दिवशी प्रयोग सुटल्यावर नाट्यगृहाच्या दारात एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, "आज का नाही उठली ती?" मी त्यांना शोकांतिका समजावली. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"खरंय तुझं, बाळ. गेलेलं माणूस उठत नाही, मला ठाऊक आहे. म्हणून तर तिकीट काढते."

४. म्हणून जुने गाणे नाटकात पुन्हा घालावे. जाहिरातीतली ओळ मात्र काढावी, आणि नायिकेने रंगमंचाच्या मधोमध, सावकाश मरावे. पुढचे लोकांनी ठरवावे. पडद्याचा दोर बाबांच्याच हाती राहील. मालकांनी त्यांना पडदा उघडायची खूण करू नये.

५. ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. बाबा कुरकुरले, "मग मी काय नुसतं बघत बसू?"

नाही, बाबा. दोर धरून उभे राहा. कोणी मागितलं, तर उघडा.

स्थळ: कपडेपट
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार

सही: पडदेवाल्यांची थोरली

आमच्यासमोर सही केली:
१. दिवेवाले काका
२. प्रॉम्प्टर मावशी