आईच्या कानासाठी कंप्युटर

बाबा,

मी कंप्युटर बांधला. तयार विकत आणला नाही, एकेक भाग जोडून स्वतःच्या हातानं बांधला, आणि तो चालतो. तुम्ही असता तर "अच्छा?" म्हणून मागचं झाकण उघडायला लावलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तेव्हा आपल्या घरात कंप्युटर नव्हता, म्हणून पहिल्यापासून सांगते. बाहेरून तो पत्र्याचा उभा डबा असतो. आत बिस्किटाएवढा एक चौकोनी तुकडा सगळं डोकं चालवतो आणि चालवता चालवता तापतो. तापला की पंखे त्याच्यावर वारा मारतात. फार तापला की पंखे जोरात फिरतात आणि जोरात फिरले की बोंबलतात. माझं काम घरांचे नकाशे काढायचं. त्याला हा तुकडा दिवसभर राबवावा लागतो, म्हणजे पंखे दिवसभर बोंबलणार. मला त्याची सवय झाली होती. पण आता प्रश्न आईच्या कानांचा होता.

आईला एक्क्याऐंशीवं लागलं. डोकं शाबूत, दात निम्मे, गुडघे संपावर, आणि दोन वर्षांपासून ऐकू येणं कमी होत गेलं. होळीच्या सुमारास तिच्यासाठी कानाचं मशीन घेतलं. पहिल्या दिवशी तिला गल्लीतल्या भाजीवाल्याची हाक ऐकू आली तर ती लहान मुलीसारखी हसली. दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले, कंप्युटर सुरू केला, आणि दहा मिनिटांत तिनं मशीन काढून डबीत ठेवलं. "काहून काढलं गं?" तर म्हणे, "तुझी चक्की माझ्या कानात चालू होते. तू बोलली का दळण बोललं, समजूनच नाही राहिलं." ते मशीन तसंच असतं, सगळे आवाज एकाच मापानं मोठे करतं. कानाच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "रोज नहीं पहनेंगी तो आदत नहीं पड़ेगी। फिर धीरे-धीरे बात करना ही छोड़ देंगी।" टेबल मागच्या खोलीत नेणं सोपं होतं. पण आईचं जग पुढच्या खोलीतल्या पलंगाएवढं उरलं आहे, आणि घरात आम्ही दोघीच. मी मागे जाऊन बसले तर तिनं मशीन घालून ऐकायचं तरी कुणाला? आईनं बोलणं सोडायच्या आत ही चक्की थांबवायची, एवढं मी ठरवून टाकलं.

आता माझे पराक्रम ऐका. आवाज बाहेर येतो तर दाबून टाकू, असा सरळ विचार करून मी गादीवाल्याकडून फोम आणला आणि डब्याच्या चारही बाजूंनी आतून चिकटवला. वर जुनी रजईसुद्धा टाकली. तासाभरात कंप्युटर आपोआप बंद पडला. हात लावला तर पत्रा तव्यासारखा. मग मे महिना आला, आणि मला वाटलं, वेडेच आहोत आपण, घरात एवढा मोठा कूलर असताना याला वेगळी थंडी कशाला हवी? टेबल उचललं आणि नेऊन ठेवलं थेट कूलरच्या तोंडासमोर. काय गार राहिला तो! पंखे एकदम शांत. कूलरच्या घरघरीत आईला तसंही काही ऐकू येत नव्हतं, पण उन्हाळा सरला की कळेलच म्हणून मी खुशीत होते. जूनमध्ये तो सुरूच होईना. दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं, आत हिरवटलेलं पाहिलं आणि मान वर न करता विचारलं, "दीदी, कूलर के सामने रखा था क्या?" कूलरची हवा गार असते तशी ओलीही असते, हे जबलपुरात जन्म काढलेल्या बाईला कळू नये? तो म्हणाला, दर जूनमध्ये अशी दोन-तीन मढी येतातच. मला इतकी लाज वाटली की डबा रिक्षात ओढणीनं झाकून घरी आणला.

पावसाळाभर मला काम करायला ऑफिसात जावं लागलं. संध्याकाळी यायचे तर आई खिडकीकडे तोंड करून बसलेली, आणि दिवसभरात एका शब्दाचीही कुणाशी देवघेव झालेली नसायची. चहा हवा का विचारलं की ती मान हलवायची. पूर्वी चहा म्हटला की त्याच्याबरोबर शेजारच्यांच्या सुनेपर्यंतच्या सगळ्या गप्पा यायच्या. ती मान हलवणं पाहून मी घाबरले, बाबा. खरंच घाबरले.

आणि मग तुम्ही आठवलात. मी आठवीत असेन. नवा कूलर बसवला होता, त्याच्या जाळ्यांत ताजं गवत भरलं होतं, आणि उन्हाची झळ येऊ नये म्हणून मी नि आईनं मागचं दार, खिडक्या, सगळं गच्च लावून घेतलं होतं. खोलीत नुसती वाफ. आई कूलरवाल्याला शिव्या घालते आहे, मी ओल्या फ्रॉकनं जमिनीवर लोळते आहे, आणि तुम्ही पहिल्या पाळीहून येता, सायकल टेकवता आणि थेट आत जाऊन मागचं दार सताड उघडता. दोन मिनिटांत वारा खेळायला लागतो. मग तुमचा तो गडगडाट: "हवेला घरात बोलावून राहिले, अन् जायला वाट ठेवली नाही? पाहुणा पण असा थांबत नाही कोणाकडे!" मी तेव्हा रागानं पाहिलं होतं तुमच्याकडे, कारण दार लावायची कल्पना माझी होती. चाळीस वर्षांनी मी तेच दार पुन्हा लावलं होतं, या वेळी फोमनं.

दसऱ्यानंतर कामाला लागले. डबा जुनाच ठेवला, आतलं सगळं नवं. डब्याची पुढची बाजू सपाट बंद होती, हवा यायला नुसत्या चिरा. ती कापून घ्यायला मी गोहलपुरात एका कूलर बनवणाऱ्याकडे गेले. सभोवार पत्र्यांचे ढीग, कानठळ्या बसवणारी ठोकाठोक. त्यानं डबा आडवा-उभा करून पाहिला आणि विचारलं, "इसमें पानी कहाँ डलेगा, दीदी?"

"पानी नहीं डलता इसमें, भैया."

"तो ठंडा कैसे होगा?"

"सामने से हवा आएगी, पीछे से जाएगी."

त्यानं क्षणभर विचार केला आणि समाधानानं म्हणाला, "मतलब बिना घास का कूलर." पुढे मोठं गोल भोक, त्यावर जाळी, मागे दुसरं. कडा इतक्या गुळगुळीत घासून दिल्या की तुम्ही त्याला चहा पाजला असता. मग कमानिया गेटजवळ मिक्सरचे सुटे भाग मिळतात तिथून रबरी वायसर आणले, पंख्याची थरथर पत्र्यात उतरू नये म्हणून. छोट्या पंख्यांना गती लागते, गतीला आवाज येतो. त्यामुळे पंखे मोठे घेतले, ताटाएवढे नाहीत पण चांगले बशीएवढे, आणि ते सावकाश फिरतील अशी व्यवस्था केली. तापणाऱ्या तुकड्यावर तांब्याच्या नळ्यांचा आणि पातळ पत्र्यांचा एक उंच मनोरा बसतो, तो उष्णता वर खेचतो. दोन्हींच्या मध्ये उष्णता पोचवणारा लेप तांदळाच्या दाण्याएवढा लावायचा.

तो मनोरा चार स्क्रूंवर बसतो. पहिला स्क्रू मी आवळायला घेतला आणि हात थांबला. पाण्याच्या पंपाचं झाकण आठवलं. मी एकच बोल्ट जीव खाऊन पूर्ण आवळला होता, झाकण तिरकं बसलं होतं आणि अंगणभर पाणी. "एकाचाच गळा काहून धरून राहिली? समोरासमोरचे धर, थोडं थोडं फिरव," असं तुम्ही सगळ्या अंगणादेखत ओरडला होतात, आणि मी दोन दिवस अबोला धरला होता. अबोला धरणं मला फार सोपं जायचं. या वेळी मी समोरासमोरचे धरले, थोडे थोडे फिरवले. तुमचाच पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर होता हातात. मॅट्रिक पास झाल्यावर आत्याच्या मुलीला मनगटी घड्याळ मिळालं आणि मला तुम्ही हा दिला होता! तेव्हा मी तो पलंगाखाली फेकला होता, हेही सांगून टाकते.

पंखे बसवायच्या आधी एकेक फिरवून पाहिला, स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याच्या मधोमध टेकवून आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून, तुम्ही बेअरिंग ऐकायचे तसं. दोन स्वच्छ होते. तिसऱ्यात वाळू चाळल्यासारखी खरखर. तो परत दुकानात नेला तर दुकानदार म्हणाला, "बिलकुल नया है, दीदी." मी म्हटलं, "नया है, मगर बीमार है." त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण बदलून दिला. ते करताना मला सारखं वाटत होतं की तुमचे कान याच्यातच गेले. फॅक्टरीत त्या मोठ्या घणाशेजारी सगळे कानात बोळे घालायचे आणि तुम्ही काढून टाकायचे. मशीन काय म्हणून राहिलं ते ऐकायला नको? असं तुमचं उत्तर. मशीनचं सगळं ऐकलंत आणि पन्नाशीनंतर माणसांचं ऐकू येईना. घरात तुम्ही मोठ्यानं बोलायचात, आम्हाला वाटायचं रागावलात.

कंप्युटर सुरू केला ती सकाळ होती, हिवाळ्यातली, अकराच्या सुमाराची. पलंगावर ऊन आलेलं. पनागरचा मटार आला होता आणि आई परातीत सोलत बसली होती. मी तिला न विचारताच कानाचं मशीन लावून दिलं. तिनं नाक मुरडलं पण लावू दिलं. टेबलाशी बसले, नकाशा उघडला. पंखे फिरत होते, हवा पुढून येत होती, मागून जात होती, हात धरला तर कोमट लागत होती. अर्धा तास गेला. आईचा हात कानाकडे गेला नाही. मी पाठमोरी, मान वळवायची हिंमत नाही. एका नकाशात जिना कुठे बसेना, तेव्हा मी सवयीनं स्वतःशीच पुटपुटले, आणि मागून आवाज आला, "काय म्हणाली?"

बाबा, माझ्या जिभेवर काय आलं होतं सांगू? "काही नाही." अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मी खुर्ची वळवली आणि म्हटलं, "जिना कुठं काढू ते समजून नाही राहिलं." आई मटार सोलत म्हणाली, "देवघराच्या डोक्यावर नको काढू. अन् ते तुझं यंत्र लाव आता, कधीची बसली तशीच." कंप्युटर कधीचा सुरूच होता. मी पडद्याकडे बोट दाखवलं तर ती माझ्याकडे संशयानं बघत राहिली, मग हसली, आणि मग जिन्यावरून शेजारच्यांच्या सुनेवर आली. दीड तास बोलत होती. इतकं खोटंनाटं आणि इतकं मजेदार मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. आता ती सकाळी स्वतःच मशीन लावते.

पण हे पत्र त्यासाठी नाही. मी सासर सोडून आले ती थंडी आठवते? तुमची शेवटून दुसरी. तुम्ही अंगणात खाटेवर पेपर वाचत बसला होता. मी मागे येऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, मी आता परत नाही जाणार." तुम्ही मान वळवून विचारलंत, "काय म्हणाली बेटा?" आणि मी म्हटलं, "काही नाही." तुम्ही "अच्छा" म्हणालात, खाटेवर थोडे सरकलात आणि उन्हातली जागा मला दिलीत. पुढे आईनं तुम्हाला सांगितलं असणार. मी कधीच सांगितलं नाही. एकदा मोठ्यानं बोलायचं होतं फक्त. त्यानंतरची दीड-दोन वर्षं तुम्ही "काय म्हणाली?" विचारायचात आणि मी "काही नाही" म्हणायचे, कारण पुन्हा बोलायचा मला कंटाळा यायचा. त्यात भीती नव्हती, राग नव्हता. नुसता कंटाळा होता, बाबा. हळूहळू तुम्ही विचारायचंच सोडलंत.

हे टाइप करताना आत्ता आईनं विचारलं, "काय लिहून राहिली एवढं सकाळपासून?"

मी म्हटलं, "बाबांना पत्र."

तिनं ऐकलं. एकदाच सांगितलं तरी ऐकलं. आणि म्हणाली, "मोठ्या अक्षरात लिही. चष्मा कुठंतरी ठेवून विसरले असतील."

अक्षर मोठं केलं आहे. हे कुठे पाठवणार, ते आईनं विचारलं नाही, आणि पाठवायला जागा असती तरी मी धाडलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. म्हणून तिच्या पलंगाशी जाऊन बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. कंटाळ्याचं वाक्य मात्र मी गाळलं.