पलंगाखालच्या दोन विटा

मंगळवार, संध्याकाळ

दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. पित्तानं अन्ननलिकेत झालेला बदल आहे तेवढाच आहे, कॅन्सर नाही. तरी डॉक्टरांनी वर्षभराने पुन्हा बोलावलं. चिडलोच मी. आता जळजळसुद्धा होत नाही, मग दरवर्षी ती नळी काहून गिळायची?

घरी येऊन बायकोवर राग काढला. “उशाकडच्या त्या विटा तरी काढ. दोन वर्षं झाली, रोज रात्री खाली घसरून राहिलो मी.”

“राहू द्या. पित्त वर येऊ नये म्हणून डॉक्टरनं डोकं उंच ठेवाले सांगितलं ना,” म्हणत ती कंबर धरून उठली.

कंबर. पलंग तर एकच आहे! पित्त माझं, आणि दोन वर्षं उतारावर तीही झोपते आहे. मला हे आज दिसावं?

म्हटलं, “तुझ्या बाजूची वीट काढू का?”

“एका विटेवर पलंग राहते का? तुम्ही नळीची तारीख घ्या.”

घेतली.