वॉरंट माझ्या नावाचे होते

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा चष्मे बनवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरबाईंनी आज सकाळीच दिला. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट हे कागदावर येऊ नये म्हणून तेहतीस वर्षे मीच स्वतःला थोपवून धरले होते.

१. प्रथम कबुली, कारण पुढची सगळी वाटणी तिच्यावर उभी आहे. जुन्या गावी असताना मी दुकानाची गाडी मागे घेताना एका पोस्टमनला धडक दिली. त्यांचा पाय मोडला. मला अटक झाली, जामीन मिळाला. पहिल्या तारखेला हजर राहिलो. दुसरीच्या दिवशी मुलीचा जन्म झाला, म्हणून गेलो नाही. तिसरीला जायची छाती झाली नाही. कोर्टाने अटकेचे वॉरंट काढले आणि मी बिऱ्हाड हलवून या शहरात आलो. पत्नीला सांगितले, तिकडे धंदा चालत नाही.

२. राहते घर पत्नीच्या नावावर घेतले होते. लोकांना ते प्रेम वाटले. खरे म्हणजे कुठल्याही सरकारी खिडकीत माझे नाव जायला नको होते. गाडीचा परवाना मी संपू दिला आणि चालणे तब्येतीला बरे असते असे सांगत फिरलो. लॉजवर ओळखपत्र मागतात म्हणून परगावच्या लग्नांना गेलो नाही. खाकी कपडे दिसले की रस्ता ओलांडायचो. एकदा तर बसच्या कंडक्टरला पाहून ओलांडला. पत्नीच्या पश्चात हे घर माझ्याकडे आले. ते संपूर्ण माझ्या धाकट्या भावाला द्यावे. मुलीची याला संमती आहे. कारण कलम चारमध्ये.

३. पत्नीचा पासपोर्ट मुलीला द्यावा. मुलगी परदेशी बाळंत झाली तेव्हा दोघांनी जायचे ठरले. पत्नीने हौसेने फोटो काढून पासपोर्ट करून घेतला. माझ्या अर्जात मात्र एक रकाना होता: आपल्याविरुद्ध अटकेचे वॉरंट प्रलंबित आहे काय? मी पेन खाली ठेवले आणि तिला म्हणालो, "मला उंचीवर गरगरतं. विमान नको." ती म्हणाली, "मग मी तरी एकटी कशाला जाऊ? तुमच्या जेवणाचं कोण बघणार?" नातवाला तिने फोनच्या पडद्यावरच पाहिले आणि चार वर्षांपूर्वी गेली. त्या पासपोर्टवर एकही शिक्का नाही. मुली, आई यायला तयार होती. आडवा मी आलो.

४. आता भाऊ. तो माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. जहाजावर वेल्डर म्हणून त्याची निवड झाली होती, बॅगसुद्धा भरली होती. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आले. त्यांच्या कागदावर आमचे आडनाव, वडिलांचे नाव आणि एक आद्याक्षर होते. आम्हा दोघांचे आद्याक्षर एकच. भाऊ तेव्हा कामावर होता.

"हे वॉरंट तुमच्या भावाच्या नावाचं आहे का?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "मला काही ठाऊक नाही."

'माझं आहे' एवढेच म्हणायचे होते. अहवाल वाईट गेला, अर्ज अडकला, जहाज त्याला न घेता गेले. तो आजतागायत लोकांच्या खिडक्यांना गज जोडतो. त्याने ठरवले की वरच्या मजल्यावरच्या शिंपीमामांनीच पोलिसांचे कान भरले असणार, कारण त्याच महिन्यात पाण्याच्या टाकीवरून दोघांचे वाजले होते. चोवीस वर्षे तो त्यांच्याशी बोललेला नाही. मी ऐकत बसलो. एकदा तर मानही डोलावली.

५. काचा घासायचे यंत्र समोरच्या चष्मेवाल्याला द्यावे. तो माझ्या नंबरांना नावे ठेवतो. ठेवू दे, त्याच्या काचांच्या कडा खडबडीत असतात आणि गिऱ्हाइकांचे कान कापतात, म्हणून यंत्राची गरज त्यालाच आहे.

६. सोमवारी मी वकिलांबरोबर जुन्या गावच्या कोर्टात हजर होणार आहे. पोस्टमन हयात आहेत, लंगडतात, असे वकिलांनी कळवले. त्यांना भेटण्याआधी माझे काही झाले, तर कलम एक कोणीतरी त्यांना वाचून दाखवावे.

७. साक्षीदार म्हणून शिंपीमामांना बोलावले. त्यांना काहीही दिलेले नाही, त्यामुळे त्यांची साक्ष चालते. न वाचता सही करू लागले, म्हणून थांबवून कलम चार मोठ्याने वाचले. ते बोटातले शिवणाचे अंगुस्तान फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला इतकी वर्षं वाटत होतं, मीच कुठंतरी काहीतरी बोलून गेलो असेन. पुष्कळ आठवून पाहिलं हो."

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी सही केली आणि विचारले, "धाकट्याला सांगितलंत?"

"नाही."

"मग चला. मी येतो बरोबर."

ठिकाण: राहते घर, पहिला मजला
दिनांक: १४ नोव्हेंबर, शुक्रवार

(सही) चष्मेवाला, मृत्युपत्र करणार
(सही) शिंपीमामा, साक्षीदार
(सही) डॉक्टरबाई, साक्षीदार