पहिल्या रविवारचे पाहुणे

३ जून १९७४, सोमवार
माझी बायको मर्ल वारली, त्याला तीन आठवडे झाले. आजपासून घर मी एकटा चालवणार. बालगृह समितीच्या मिसेस हॅडो म्हणाल्या, नियमाप्रमाणे प्रत्येक घराला नवरा-बायको लागतात. म्हटलं, मुलं फक्त पाच, अनुभव अकरा वर्षांचा. ऑगस्टअखेर बघू म्हणाल्या. म्हणजे झालंच.

५ जून
ओट्स करपले. चूल जुनी आहे. मुलं काही बोलली नाहीत. वळण चांगलं आहे.

१९ जून
शाळेचे डबे मीच भरतो. वेजीमाइटचा खारट लेप लावलेली सँडविच. सगळे डबे रिकामे परत येतात. मर्लच्या वेळी ब्रेडच्या कडा उरायच्या. हे तिला सांगायला हवं होतं.

७ जुलै, पहिला रविवार
आईबापांच्या भेटीचा दिवस. छोट्या कोरलची आई आली. पाहुण्यांच्या वहीत 'मुलाशी नातं' हा रकाना तिनं रिकामा सोडला. म्हणाली, सगळ्यांना ठाऊक आहे की! तरी भरायला लावला. पुढची खोली, एक तास, खाऊ माझ्याकडे जमा. नियम मीच केलेत. मर्ल म्हणायची, अहो, ती आई आहे, मीटर बघायला नाही आलेली. मर्ल हळवी होती.

१४ ऑगस्ट
समिती मुलांशी एकेकटं बोलणार. ग्लेनिस चौदाची, माझा उजवा हात. तिला शिकवायची गरज नाही. तरी काय बोलायचं ते सांगून ठेवलं. तिनं विचारलं, काका, आज जेवलात का? विषय बदलायची खोड आहे तिला.

२१ ऑगस्ट
होबार्टहून समिती आली. ग्लेनिस आत वीस मिनिटं. बाहेर आल्यावर माझ्याकडे बघेना. तोंडभर कौतुक करून लाजली असणार.

३० ऑगस्ट
घर दुसऱ्या जोडप्याला दिलं.
मिसेस हॅडोंनी ग्लेनिसचं म्हणणं वाचून दाखवलं. डबे मी पहाटे उठून पुन्हा भरते. काकांची सँडविच शेजारचा कुत्रा खातो, आताशा तोही हुंगून जातो. काका अजून मर्लकाकूचं ताट मांडतात. तिच्या खुर्चीत कोणी बसलं तर दोन दिवस बोलत नाहीत. काका आम्हाला सांभाळत नाहीत, आम्ही काकांना सांभाळतो.
सहा वर्षं माझ्या टेबलावर जेवलेली मुलगी.
तिला विचारलं, का? म्हणाली, खोटं बोलू नये, हे कोणी शिकवलं? मर्लनं शिकवलं. तसं सांगितलं.

१२ सप्टेंबर
गावातल्या फ्लॅटमध्ये आलो. नवं जोडपं पंधरा दिवस टिकणार नाही. मुलंच बोलवायला येतील. बांधलेलं सामान सोडलेलं नाही.

२९ सप्टेंबर
फोन चालू आहे. दुकानात जाऊन तिथून माझाच नंबर लावून बघितला.

६ ऑक्टोबर, पहिला रविवार
गेलो. नव्या बाईंनी पुढच्या खोलीत बसवलं. लॅमिंग्टन केकचा डबा जमा करून घेतला. मी वहीत सही केली. दारातून ग्लेनिस म्हणाली, काका, रकाना.
वरच्याच ओळीत कोरलच्या आईचं अक्षर होतं. 'आई.' पेन फार दाबलेलं.
शेवटी लिहिलं, मर्लचा नवरा.
ग्लेनिसनं वाचलं. मग विचारलं, जेवलात का?
जेवलो म्हटलं. तिनं आत जाऊन ताट आणलं.